मोहाखाली लावलेली गाडी

देवेंद्रने मोटारसायकलला पेट्रोलच्या पाइपाऐवजी सलाइनची नळी लावली, तेव्हा त्याला स्वतःच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की त्याने तिचा फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. नळी पारदर्शक होती. टाकीतून पेट्रोल खाली उतरताना दिसायचं, पेशंटच्या अंगात ग्लुकोज उतरावं तसं. अर्जुनी मोरगावच्या एका खासगी दवाखान्यात तो कंपाउंडर होता, म्हणजे नळी फुकटची. जुना पाइप तडकला म्हणून तो ओमेशच्या गॅरेजात गेला होता. ओमेश नवा पाइप शोधत होता तोवर याने खिशातून ही काढली. ओमेशने ती बोटांत फिरवली, वाकवून पाहिली आणि परत दिली.

"भाई, ये आदमी को लगाने की चीज है. पेट्रोल इसको खा जाएगा."

"हप्ताभर तो चलेगी ना?"

"हप्ताभर चलेगी. फिर बताके नहीं जाएगी."

देवेंद्रने पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडलं. गाडीच्या पेट्रोल बंद करायच्या कॉकची दांडी मागच्या पोळ्यापासून तुटलेली होती. नुसता खुंट उरला होता आणि कॉक कायमचा उघडा. ओमेशने तेही दाखवलं. "बाद में," देवेंद्र म्हणाला. त्याच्या आयुष्यात 'बाद में'चा एक मोठा ढीग होता, त्यात आणखी एक.

दहाव्या दिवशी सकाळी टाकी फुल्ल करून तो दसरूमामाच्या पायाची पट्टी बदलायला निघाला.

दसरू मडावी हा कवडीटोल्याचा माणूस. वय सत्तावन्न, वजन एखाद्या पोत्याएवढं, तेही अर्ध्या भरलेल्या. दोन एकर धान, तलावात थोडी मासोळी, मे महिन्यात तेंदूपत्ता. पण त्याला विचारलं तर यातलं एकही तो आपलं काम म्हणून सांगायचा नाही. त्याचं काम म्हणजे आग. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत तो वनखात्याचा फायरवॉचर असायचा. कागदावर हंगामी मजूर, पण चालण्यात रेंजर. हिवाळा सरता सरता जाळरेषा काढायच्या, म्हणजे जंगलात पट्टे झाडून माती उघडी पाडायची, आग आली तर तिथं थांबावी म्हणून. मग चार महिने आपल्या हद्दीत फिरत राहायचं, नाक वर करून. आता उपग्रह धूर पाहतो आणि साहेबांच्या मोबाईलवर निरोप येतो. पण दसरूचं नाक उपग्रहाच्या आधी उठायचं, असं कवडीटोल्यात सगळे मानत. त्याचा त्रासही मानत. भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या काकाने विडी टाकली, तर याने मांडवातून उठून जाऊन ती टाचेखाली रगडली होती. "दसरूच्या घरी चूल कशी पेटते?" असं पोरं विचारायची आणि उत्तरही पोरंच द्यायची, "तो बाहेर गेला का पेटते."

सव्वीस उन्हाळे. त्याच्या हद्दीबद्दल गार्डाच्या डायरीत आगीची एकही ओळ नव्हती. हे तो ज्या आवाजात सांगायचा, त्या आवाजात दुसरे लोक पोरगा नोकरीला लागल्याचं सांगतात.

या वर्षी नवी अडचण झाली होती. वनरक्षक संध्या मॅडमने हंगामाच्या पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, ज्याला फिरता येत नसेल त्याने आत्ताच सांगावं, दुसरा माणूस लावते. आणि ज्याच्या हद्दीत आग लागली त्याचं नाव पुढच्या वर्षी यादीत नसेल. मागे दोन तरणे गडी वाट पाहत उभेच होते. आणि त्यानंतर दीड महिन्याने जाळरेषेवरचं झुडूप तोडताना दसरूची कुऱ्हाड घसरली ती सरळ डाव्या पावलावर. पाच टाके. मॅडमला त्याने कुरूप झाल्याचं सांगितलं. काठी टेकत रोज फिरला, त्यामुळे जखम भरायची सोडून रोज थोडी हसायची. मॅडम घरी डोकावेल म्हणून पट्टी घरी नको, जंगलात. डॉक्टरांना हे पटलं नव्हतं, पण त्यांनी देवेंद्रला दर तिसऱ्या दिवशी पाठवायचं कबूल केलं.

दहा वाजले असतील. एप्रिलचं ऊन अंगावर यायला लागलं होतं. दसरूच्या घराण्याचे दोन मोह गावापासून कोसभर आत, उतारावर होते. वरच्याला 'बुढी' म्हणत, खालच्याला 'लंगडी'. झाडांची वाटणी कोणत्याही कागदावर नाही, पण कवडीटोल्यातलं शेंबडं पोरगंही कोणता मोह कोणाचा ते सांगेल. पानं गळून गेलेल्या मोहाची सावली ती काय, खोडाएवढी. तेवढ्यात देवेंद्रने बुढीच्या बुंध्याशी गाडी साइड स्टँडवर लावली. सीट तापू नये म्हणून. त्या बाजूला अजून झाडलेलं नव्हतं, खाली घोट्यापर्यंत वाळका पाला.

खाली लंगडीजवळ दसरूची बायको मंगली वाकून पाला गोळा करत होती. मोहाची फुलं वेचायची तर खाली पाला नको. पाल्यात फूल दिसत नाही. झाडून काढायचा तर कंबर जाते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक पाल्याचे ढीग लावून झाडाखालीच पेटवतात. निम्मे वणवे तिथूनच सुटतात. दसरूने हे सव्वीस वर्षं गावाला सांगितलं, गावातल्या बाया मान डोलावून ऐकत आल्या. मंगलीनेही ऐकलं. फक्त तिचे गुडघे ऐकत नव्हते.

"पाला जारतेस?" दसरू बुढीजवळच्या दगडावर बसल्या बसल्या ओरडला.

"दोन ढीग जारतो. भवताली झाडून घेतलं," मंगली वर न पाहता म्हणाली. "तुमचा कायदा गावाले सांगा. घरात मी हावो."

"मॅडम येईल."

"येऊ दे. तिले म्हना, हा घे खराटा."

दसरूने देवेंद्रकडे पाहिलं. देवेंद्रने अतिशय मन लावून कापूस फाडायला घेतला. नवरा-बायकोच्या भांडणात कंपाउंडरला फक्त कापूसच दिसावा, एवढं तो दवाखान्यात शिकला होता.

काडी पेटल्याचा आवाज आला. मग पाल्याचा चरचराट.

देवेंद्रने पट्टी सोडली. टाक्यांच्या कडेला लाली होती. त्याने स्पिरिटची बाटली उघडली, बोळा भिजवला. दसरू पायाकडे पाहतच नव्हता. त्याचं नाक वर झालं होतं.

"डाक्टर, पेट्रोलचा वास येऊन राहिला."

"स्पिरिट आहे ते, मामा."

"तुया स्पिरिटचा वास टोचते. हा वास अंगावर बसते."

"चाळीस किलोमीटर गाडी चालवतो मी हप्त्यात चारदा. माझ्या अंगालाच येत असेल." देवेंद्र हसला आणि बोळा जखमेवर टेकवला. दसरूने हूं की चूं केलं नाही. तो फक्त देवेंद्रच्या खांद्यावरून मागे पाहत होता, आणि त्याचे डोळे हळूहळू बारीक झाले.

"डाक्टर. मांगं पाह."

देवेंद्रने मान वळवली.

नळी कॉकजवळच्या वळणावर चिरली होती. चीर बोटभर. तिच्यातून पेट्रोलची धार इंजिनच्या कडेवरून पाल्यात उतरत होती, शांतपणे, सलाइन लावल्यासारखी. किती वेळ उतरत होती कोण जाणे. बुढीच्या बुंध्याशी पाला काळा झाला होता आणि त्या काळेपणाची एक जीभ उताराने खाली सरकली होती. खाली पंधरा पावलांवर मंगलीचा ढीग पेटलेला होता.

देवेंद्र उठला तो सरळ गाडीकडे. डोक्यात एकच गोष्ट होती, किल्ली फिरवायची, किक मारायची आणि हे सगळं घेऊन लांब जायचं.

"चाबी नोको लावू!"

सव्वीस वर्षांत दसरू असा ओरडला असेल असं वाटत नाही. देवेंद्रचा हात हवेतच थांबला.

"ठिणगी पडंल त तुई राख बी नाही भेटनार. पह्यले धार बंद कर. हळू." मग खाली, "मंगले! पानी नोको टाकू! पेट्रोल पान्यावर चढते. माती टाक, माती!"

मंगलीने हातातला पाण्याचा गुंड तसाच खाली ठेवला. माती टाक म्हणणं सोपं होतं. एप्रिलमधली ती जमीन, नख लागत नाही. बाजूला जुनं वारूळ होतं. तिने नवऱ्याची कुऱ्हाड उचलली, वारुळापुढे एकदा घाईने हात जोडले, गोंडीत काहीतरी पुटपुटली आणि घाव घातला.

देवेंद्र गाडीशी गुडघ्यांवर बसला. नळी चिमटीत दाबून पाहिली. दहा दिवसांपूर्वी मऊ होती ती आता लाकडासारखी कडक झाली होती. दाबताच चीर आणखी लांब गेली आणि पेट्रोल त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं. म्हणजे कॉक. कॉकला दांडी नाही. बोटांनी खुंट धरला, बोटं घसरली. पुन्हा धरला, पुन्हा घसरली. सायलेन्सरची धग त्याच्या गालाला लागत होती. पंधरा मिनिटांपूर्वीच तर गाडी बंद केली होती.

"मामा, बंद होत नाही!"

"होईल. काहीतरी पकडाले पाह."

दसरू दगडावरून खाली उतरला होता. उभं राहायला वेळही नव्हता आणि पायही नव्हता. तो बसूनच सरकला, उघड्या टाक्यांचा पाय वर उचलून, ढुंगणावर, मागे मागे, आणि दोन्ही हातांनी पाला डावीकडे-उजवीकडे फेकत गेला. पेट्रोलची जीभ आणि मंगलीची आग यांच्या मधोमध. पाला, खाली पुन्हा पाला, त्याखाली कुजका पाला, मग माती. माती दिसेपर्यंत तो पुढे सरकत नव्हता. जंगलात कोसभर लांब काढतात तीच जाळरेषा तो इथं नखांनी काढत होता, दोन हात रुंद.

"वारा कोनीकडं आहे?" त्याने विचारलं.

"वाराच नाही," देवेंद्र म्हणाला.

"मंग घाई कर. नसते तवाच येते."

देवेंद्रची नजर उघड्या ड्रेसिंग बॅगेवर गेली. बॅगेत कात्री, कापूस आणि आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा दातेरी चिमटा. स्पिरिटची बाटली उघडीच होती. आधी तिचं झाकण लावलं. घाईत ते दोनदा आडवं बसलं. आर्टरी घेतली. खुंटावर बसवली, दात लागले, कट्‌ करून अडकली. त्याने फिरवायला घेतलं आणि नेमका शर्टाच्या खिशात फोन वाजला.

तो दगड झाला. दोन वेळा वाजला, तीन वेळा. डॉक्टरांचा असणार. दवाखान्यात गर्दी असणार. काढावा की वाजू द्यावा, बटण दाबलं तर ठिणगी होते का, हे त्याला कोणीच शिकवलं नव्हतं. फोन स्वतःच थकून गप्प झाला.

आणि वारा आला.

मोठा नव्हता. उन्हाळ्यात शेतात फिरते तशी एक वावटळ, माणसाएवढी उंच. ती लंगडीखालून निघाली, मंगलीच्या ढिगावरून गेली. मंगलीने निम्मा ढीग मातीने झाकला होता, उरलेल्या निम्म्यातून वावटळीने पानं उचलली. पेटलेली पानं गरगरत वर आली. बहुतेक दसरूच्या उघड्या मातीवर पडली आणि तिथंच काळी झाली. एक पुढे गेलं. सागाचं, सुपाएवढं, कडेने लाल. ते दसरूच्या डोक्यावरून जाऊन पलीकडे टेकलं, पेट्रोलच्या जिभेपासून हातभर अलीकडे, कोरड्या पाल्यात.

देवेंद्रला ते दिसलं.

दसरूने मागे पाहिलं. सरकायला वेळ नव्हता. त्याने आडवा झोक दिला, लांब पसरला आणि त्या पानावर उजवा पंजा दाबून धरला. दाबूनच ठेवला. चेहरा पाल्यात, डोळे मिटलेले. मंगली एका रिकाम्या टोपलीत माती घेऊन धावत आली आणि तिने ती नवऱ्याच्या हातासकट सगळ्यावर ओतली.

"फिरव!" मातीखालून आवाज आला.

देवेंद्रने आर्टरी फिरवली. खुंट कुरकुरला, अडला, मग एकदम वळला. धार बारीक झाली. थेंब झाली. शेवटचा थेंब चिरेवर बराच वेळ लटकून राहिला आणि पडलाच नाही.

मंगलीने आधी जाऊन आपला ढीग पुरता झाकला. मग तिघांनी, म्हणजे दोघांनी आणि एकाने बसून, भिजलेल्या पाल्यावर वारुळाची माती टाकली. गाडी न्यूट्रलमध्ये घालून देवेंद्र आणि मंगलीने ती ढकलत बैलगाडीच्या वाटेवरच्या उघड्या खडकावर नेली. मग देवेंद्र खाली बसला.

"आता लाव तुया स्पिरिट," दसरू म्हणाला. त्याच्या तळहातावर रुपयाएवढा फोड उठत होता.

"मामा, तुम्ही..."

"बोल नोको. लाव."

हात झाला, पायाची पट्टी निम्मी झाली, तेव्हा वाटेवरून स्कूटीचा आवाज आला. दसरूने पाय ओढून घेतला आणि पाल्यात खुपसला. देवेंद्रने मोकळी पट्टी बॅगेत कोंबली.

संध्या मॅडम उतरली, हेल्मेट काढलं. तिशीची असेल, खाकी शर्टावर पाठीला घामाचा नकाशा.

"धूर कशाचा होता, मामा? मी डांबरी रस्त्यावरून पाहिला."

"चहा मांडला होता जी," मंगली म्हणाली.

मॅडमने आजूबाजूला पाहिलं. चूल नाही, भांडं नाही, कप नाही.

"चहा नाही," दसरू म्हणाला. "पाला जारला. माह्या बायकोनं. माह्याच झाडाखाली."

मंगलीने गोंडीत एक शब्द उच्चारला. देवेंद्रला गोंडी येत नव्हती, पण त्याचा अर्थ लागला.

"मॅडम, पेट्रोल माझ्या गाडीचं सांडलं," तो घाईने म्हणाला, "चूक माझी..."

"तुम्हाला विचारलं मी?"

मॅडम उताराने खाली गेली. झाकलेला ढीग पायाने चाचपला, मातीचा वास घेतला. मग ती दसरूने काढलेल्या रेषेशी उकिडवी बसली.

"ही कोणी काढली?"

"मीनंच."

"बसून काढली." तिने बोट दाखवलं. रेषेच्या मधून माती घासल्याचा एक रुंद पट्टा गेला होता, पावलाचा ठसा एकही नाही. "उभ्या माणसाची रेषा अशी नसते. पाय दाखवा, मामा."

दसरूने हळूच पाल्यातून पाय काढला. टाक्यांतून रक्त येऊन त्याला वाळकी पानं चिकटली होती.

"हे कुरूप आहे?"

"कुऱ्हाड लागली."

"कधी?"

"नऊ दिवस झाले. पन हजेरी खोटी नाही, मॅडम. रोज फिरलो. काठीनं फिरलो."

तिने खिशातून डायरी काढली. दसरूचा चेहरा पानावर हात दाबताना नव्हता झाला तसा आता झाला.

"कामावून काढा पाह्यजे त," तो म्हणाला. "आगीचं नोको लिहू."

"धूर मी डोळ्यांनी पाहिला, मामा. काय लिहू, चहा?"

तिने लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचलंही, बहुतेक मुद्दाम. तारीख, वनकक्षाचा नंबर, पालापाचोळा, अंदाजे पाच फूट बाय पाच फूट. वॉचरने विझवली. जंगलाचं नुकसान नाही. पेनाचं टोपण लावलं. सव्वीस उन्हाळ्यांची कोरी जागा दीड मिनिटात भरली. दसरू त्या डायरीकडे पाहत राहिला, ती खिशात गेली तरी.

"टाके निघेपर्यंत तुम्ही टेहळणीच्या टॉवरवर बसायचं," मॅडम म्हणाली. "खाली उतरलेले दिसलात तर खरंच नाव कापेन. फिरायला घरचं माणूस द्या." आणि मंगलीकडे वळून, "तुम्ही फिरा, मावशी. आग कुठून सुटते ते तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"मी?" मंगली म्हणाली. "माहे गुडघे..."

"सावकाश फिरा. पण उद्यापासून."

"आन पुढल्या सालचं?" दसरूने विचारलं. आवाज खाली होता.

मॅडमने हेल्मेट घातलं. "पुढल्या सालचं पुढल्या साली, मामा." हो नाही, नाहीही नाही. स्कूटी गेली.

देवेंद्रने पट्टी नव्याने बांधली. गाठ मारताना त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफी म्हणावी तर शब्द फार छोटा होता आणि आभार म्हणावेत तर फार सरकारी. तेवढ्यात बुढीच्या मागून मंगलीची हाक आली.

बुंध्याच्या पलीकडे तिची सकाळभर वेचलेली टोपली होती, काठोकाठ फुलांनी भरलेली. पेट्रोल बुंध्याला वळसा घालून तिच्या तळाशी गेलं होतं. मंगलीने एक फूल उचलून देवेंद्रच्या नाकाशी धरलं.

"हे आता गाडीत टाक. चालंल."

"मामी, पैसे देतो मी."

"पैशाची टोपली नाही हे. पहाटे चारपासून वाकलो मी. तू वाक. एक टोपली येचून दे."

दुसऱ्या रविवारी तो आला. ओमेशकडून त्याने रबरी पाइप आणि नवा कॉक बसवून घेतला होता, 'बाद में' हा शब्द न काढता. गाडी त्याने मोहापासून शंभर पावलं दूर ठेवली. पाच ते आठ वेचलं. कंबर कडकडली, गुडघे गेले, नजर मातीवर ठेवून ठेवून डोळ्यांपुढे फुलंच फुलं. वेचून झाल्यावर मंगलीने टोपली तिरपी करून पाहिली. जेमतेम पाव टोपली भरली होती.

"बकरीले पुरत नाही हे," ती म्हणाली. फेरीवर निघायची होती, नवऱ्याची काठी तिच्या हातात होती.

मग दवाखान्याची ड्युटी बदलली, नंतर टाके निघाले, नंतर मोहाचा बहर संपला आणि झाडांना तांबडी पालवी फुटली. आता मंगली महिन्यातून एकदा गुडघ्यांच्या गोळ्या न्यायला अर्जुनीला येते. डॉक्टरांना नमस्कार करते, गोळ्या पदरात बांधते आणि जाता जाता कंपाउंडरच्या खिडकीशी थांबते.

"पाऊण टोपली बाकी आहे, डाक्टर."

देवेंद्र मान हलवतो. मोहाला आता पुढच्या मार्चपर्यंत फूल नाही.